मानाचं पाणी आणि न फुलणारी आमरी

एका राज्यात राजवाड्यात काहीही नवीन आलं की त्याच्यावर पाणी ओतायची पिढ्यानपिढ्यांची रीत होती. नवा घोडा आला, ओता पाणी. नवा जावई आला, ओता पाणी. एकदा नवी तोफ आली, तिच्यावरही ओतलं. तोफ गंजली, कधी उडाली नाही, पण मान राहिला. कारण ते साधं पाणी नव्हतं, मानाचं पाणी होतं. पहिला तांब्या प्रधानाचा, दुसरा सेनापतीचा, मग राजज्योतिषाचा, मग खजिनदाराचा, असं करत करत शेवटचा हत्तीखान्यातल्या माहुताचा. आणि हे रोज चालायचं, वस्तू जुनी होईपर्यंत. जावई त्यामानाने लवकर जुने व्हायचे.

या राज्याचा राजा प्रचंडसेन. त्याचा आवडता शब्द 'अजून'. जेवताना अजून, लढाईत अजून, भाटाने स्तुती संपवली की अजून. त्याला एकुलती एक मुलगी, तिचं नाव इंदुला. तिचा आवडता शब्द 'का'. राजा म्हणे अजून, ती म्हणे का, आणि भाट मधल्या मधे तोंड उघडं ठेवून उभा राही.

राजवाड्याच्या दारात एक जुना आंबा होता. एके दिवशी राजाने वर बघितलं, तर फांदीवर एक झुपका. जाड, पट्ट्यासारखी पानं. पांढरी मुळं काही फांदीला मिठी मारून बसलेली, काही नुसतीच हवेत लोंबणारी.

"हे काय?" राजाने विचारलं.

"बांडगूळ, महाराज," प्रधान गुणनिधान म्हणाला. "दुसऱ्याच्या जिवावर जगतं." हे सांगताना तो राजाच्या ताटातला लाडू खात होता.

"तोडा," राजा म्हणाला. "अजून असतील तर तीही तोडा."

झुपका तोडला. तो धप्पकन खाली पडला आणि त्यातून एक चेटकीण उठून बसली. तिचं नाव जटाई. ती झोपेतून उठली होती, त्यामुळे आधी थोडा वेळ तिने नुसतं इकडेतिकडे बघितलं.

"राजा," ती म्हणाली, "तुझ्या खापरपणजोबांच्याही आधीपासून मी या आंब्यावर राहते. त्याच्या रसाचा एक थेंब कधी प्याले नाही. वाऱ्यावर जगले, धुकं प्याले, वर्षातून एकदा फुलले. मी आमरी आहे. बांडगूळ कोणाला म्हणतोस?"

"प्रधान म्हणाला," राजा म्हणाला.

"तोडा कोण म्हणालं?"

राजाने मुकुट सरळ केला.

"पाहुणा कोण आणि फुकट्या कोण, हे आंब्याला कळतं. तुला कळत नाही. तर तू आंबाच हो. पायापासून साल चढेल. डोक्यावर पालवी फुटली की कायमचा आंबा."

त्या काळी शाप कसा घ्यायचा याची लोकांना सवय होती. राजाने हात जोडून विचारलं, "उःशाप?"

"माझ्या जातीची तीन रोपं माझ्या रानात उरलीत. त्यातलं एक तुझ्या दरबारात फुलव. भर दरबारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. एकाने जरी बघितलं नाही तरी धरणार नाही."

एवढं बोलून चेटकीण नाहीशी झाली. राजाला इतका राग आला की त्याने तो आंबा तोडायला लावला, आणि आंबा तोडून राग संपला नाही म्हणून वाड्याच्या आवारातली उरलेली सगळी झाडं तोडायला लावली. त्याच संध्याकाळी त्याच्या पायाच्या अंगठ्याला साल आली.

पहिलं रोप आणायला सेनापती रणभीम गेला. सोबत सगळं सैन्य नेलं. रोपाने काही प्रतिकार केला नाही. ते आणून सोन्याच्या कुंडीत लावलं, खाली काळीभोर माती, वर भरपूर शेणखत, आणि मग मानाचं पाणी. प्रधानाचा तांब्या, सेनापतीचा तांब्या, ते थेट माहुतापर्यंत. रोज. थोड्याच दिवसांत मुळं लिबलिबीत झाली आणि दरबारात शिळ्या भाजीचा वास सुटला. रोप गेलं. कुंडी मात्र छान दिसत होती.

राजा गुडघ्यापर्यंत लाकूड झाला.

दुसरं रोप प्रधानाने आणलं. "सेनापतींचं रोप मेलं, कारण पाणी कमी पडलं," तो म्हणाला. "आणि फूल दाखवायचं म्हणजे झाड उजेडात हवं." त्याने ते चौकात, मधोमध, संगमरवरी चौथऱ्यावर ठेवलं. डोक्यावर भर दुपारचं ऊन, बुडात दुप्पट पाणी. रोप वरून भाजलं आणि खालून कुजलं. प्रधानाने राजाला सांगितलं की दोन्ही कामं एकाच वेळी झाल्यामुळे वेळ वाचला.

राजा छातीपर्यंत लाकूड झाला. आता त्याला बसता येईना. सिंहासनासमोर तो उभाच राही, आणि मुंग्या त्याच्या मांडीवरून ये-जा करत. तो अजूनही 'अजून' म्हणे, पण हळू.

एके दिवशी इंदुला त्याच्याजवळ उभी असताना तो म्हणाला, "इंदुला, आंब्याला स्वप्नं पडतात का गं?"

"माहीत नाही, आबासाहेब. का?"

"मला भीती वाटते. पुढे नुसतं उभंच राहायचं असेल तर स्वप्नं तरी पडावीत. कोणाला तरी विचारून ये."

राजाच्या मागण्यात 'अजून' नाही, हे इंदुलाने पहिल्यांदाच ऐकलं. ती त्याच दिवशी रानाकडे निघाली. प्रधान म्हणाला, "सैन्य न्या." ती म्हणाली, "का?" प्रधान कारण आठवत बसला, तोवर ती एकटी निघून गेली.

जटाईच्या रानात ऐनाचं एक म्हातारं झाड होतं. त्याच्या बुंध्याशी नाग वेटोळं घालून बसला होता. त्याच्याखाली सोनं, नाणी, हिरे, पाचू आणि मागच्या काही राजपुत्रांचे बूट.

"घे," नाग म्हणाला. "हवं ते घे." हे तो सगळ्यांनाच सांगे. जो सोन्याला हात लावी तो तिथेच चिकटून बसे आणि हळूहळू त्याचे फक्त बूट उरत.

इंदुलाने ढिगाकडे बघितलं. कडेला एक लांबलचक पांढरी कात पडली होती.

"ती घेऊ?"

नाग जरा ओशाळला. "ती माझी जुनी कात आहे. झाडून टाकायची राहिली."

"मला तीच हवी आहे. मऊ आहे. रोप बांधायला बरी."

नागाने इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं. त्याने कात नीट गुंडाळून तिच्या हातात दिली आणि वर चढायला वाट करून दिली.

ऐनाच्या वरच्या फांदीला आमरीचं तिसरं रोप लागलं होतं. त्याच्याशेजारी खोडात एक ढोली, ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, मधे बारीकशी फट. बाहेर फांदीवर मोठ्या चोचीचा एक धनेश बसला होता, तोंडात उंबर घेऊन.

"पक्षीराज, हे रोप काय खातं?" इंदुलाने विचारलं.

धनेशाने उंबर बाजूला ठेवलं. "वारा," तो गंभीरपणे म्हणाला.

"काय पितं?"

"धुकं."

"मग मातीत लावलं तर का मरतं?"

"तुला मातीत पुरलं तर तू काय करशील?"

"त्यांना काही माहीत नाही," फटीतून आवाज आला. ती धनेशीण होती. अंडी घालायच्या वेळी ती स्वतःला ढोलीत लिंपून घेई आणि पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नसे. "ते दिवसभर बाहेर असतात. मी इथे कोंडलेली. माझ्या खिडकीसमोर ही एकच गोष्ट आहे, ती म्हणजे आमरी. मला विचार."

"मी निघालोच होतो," धनेश म्हणाला, आणि निघाला.

"ऐक पोरी," धनेशीण म्हणाली. "मुळं पांढरी दिसली की तिला तहान आहे. हिरवी झाली की पोट भरलं. भरल्या पोटी पाजायचं नाही, हे पहिलं. तिला खरखरीत साल लागते, सकाळचं कोवळं ऊन, आणि अंगावरून जाणारा वारा, हे दुसरं. तिसरं..." तेवढ्यात धनेश परत आला आणि त्याने फटीतून तिच्या तोंडात उंबर कोंबलं. "तिशरं," ती म्हणाली, "पिल्लं उडाल्यावर येऊन शांगते. आत्ता शांगितलं तर तू घाई करशील."

"अजून एक. आंब्याला स्वप्नं पडतात का?"

"ते आंब्यालाच विचार," धनेशीण उंबर गिळून म्हणाली.

इंदुलाने मुळं न तुटू देता रोप अलगद सोडवलं आणि घरी आली.

आता खरा प्रश्न उभा राहिला. वाडा संगमरवराचा. खांब गुळगुळीत, भिंती गुळगुळीत, दारं तेल लावून चकचकीत. आवारातली झाडं तर राजाने रागाच्या भरात तोडून टाकलेली. खरखरीत साल आणायची कुठून? इंदुलाने सगळा वाडा पालथा घातला. शेवटी ती दरबारात आली आणि राजासमोर थांबली. राजा आता खांद्यापर्यंत लाकूड झाला होता. चांगली जाड, भेगाळ, जातिवंत साल.

"आबासाहेब," ती म्हणाली, "जरा सरळ उभे राहा."

"दुसरं काय करणार," राजा म्हणाला.

तिने त्याच्या डाव्या खांद्यावर नारळाचा काथ्या ठेवला, त्यावर आमरी बसवली, आणि नागाच्या कातीने काखेतून गुंडाळून घट्ट बांधली. पूर्वेची खिडकी उघडली. ऊन कडक लागू नये म्हणून खिडकीवर राजाचं तलम उपरणं टांगलं. वाऱ्याची सोय आधीच होती. चवऱ्या ढाळणारे पिढ्यानपिढ्या चवऱ्या ढाळत होते, फक्त त्याचा कोणाला उपयोग झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानकरी तांबे घेऊन रांगेत उभे राहिले. सगळ्यात पुढे प्रधान.

"झाड नवीन आहे," प्रधान म्हणाला. "मानाचं पाणी झालंच पाहिजे."

"झाड मरेल," इंदुला म्हणाली.

"मरेल, पण मानाने मरेल."

"महाराजांच्या खांद्यावर चढून तांब्या ओतणार का?"

सेनापतीने शिडी आणली होती. प्रधान दोन पायऱ्या चढलाही.

इंदुलाने क्षणभर विचार केला आणि राजाच्या पायाशी एक भलीमोठी परात ठेवली. "प्रधानजी, वर ओतलं तर ते झाडाला. पायाशी ओतलं तर ते महाराजांना. मोठा मान कुठला?"

मानकऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. प्रधान शिडीवरून उतरला आणि पहिला तांब्या परातीत ओतला. त्यामागे सेनापती, ज्योतिषी, खजिनदार, सगळे. दिवस चढला की परातीतल्या पाण्याची वाफ होई, ती हळूहळू राजाच्या खांद्यापर्यंत जाई, आणि आमरीला रानात असल्यासारखं वाटे. मुळं पांढरी पडली की इंदुला बोटांनी चार थेंब शिंपडी. मुळं हिरवी होत. राजा मान वळवून बघे.

"गुदगुल्या होतात," तो म्हणाला. "काढू मात्र नकोस."

आमरीला नवी पानं आली. मुळांनी राजाचा दंड धरला. कात गळून पडली तरी ती हलली नाही. लोक लांबून बघायला येत. पण फुलाचा पत्ता नव्हता. पानं अजून, मुळं अजून, आणि साल चढत चढत राजाच्या हनुवटीपर्यंत आली.

थंडी पडायला लागली तेव्हा खिडकीतून धनेशीण आत आली. मागे दोन पिल्लं. उशीर झाल्याबद्दल ती काही बोलली नाही. तिने रोपाभोवती एक चक्कर मारली.

"पानं छान आहेत. फारच छान. सुखात आहे ना?"

"हो."

"म्हणूनच फुलत नाही. सुखात असली की ती पानं काढत बसते. आता पाणी बंद. परातीतलंही बंद. रात्री खिडकी उघडी, थंडी लागू दे. तिला विचारायला जाऊ नका, हे तिसरं."

"किती दिवस?"

"तिला वाटेल तोवर," धनेशीण म्हणाली. पिल्लांनी तोवर सिंहासनावर जे करायचं ते केलं आणि तिघं उडून गेली.

इंदुलाने मानकऱ्यांना सांगितलं, उद्यापासून पाणी बंद. प्रधान रांगेतून पुढे आला.

"राजकन्या, माझ्या आजोबांनी ओतलं, वडिलांनी ओतलं. ही रीत बंद करायची तर महाराजांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं. तुम्ही सांगून चालणार नाही."

सगळ्यांनी राजाकडे बघितलं. साल त्याच्या ओठांवर चढत होती. मधे बारीकशी फट उरली होती, धनेशिणीच्या खिडकीएवढी. त्यातून एक शब्द निघाला असता, दोन नाही. आणि तो शब्द कोणता, हे सगळ्या राज्याला माहीत होतं. प्रधानाने तांब्या उचलून तयारच ठेवला. भाटाने स्तुतीसाठी घसा साफ केला.

राजाने इंदुलाकडे बघितलं. मग खांद्यावरच्या आमरीकडे बघितलं.

"पुरे," राजा म्हणाला.

आणि साल मिटली.

प्रधानाच्या हातातून तांब्या सुटला. त्या दिवसापासून तो दरबारात येई, पण भिंतीकडे तोंड करून बसे.

मग सुरू झालं सगळ्यात अवघड काम, म्हणजे काही न करणं. परात कोरडी पडली. थंड वारा रात्रभर खिडकीतून आत येई. आमरीची मुळं पांढरीफटक झाली, पानांना सुरकुत्या पडल्या. इंदुला रोज सकाळी वाटीत बोटं बुडवी, राजासमोर उभी राही, आणि बोटं परत आपल्याच ओढणीला पुसे. राजाचे फक्त डोळे उरले होते. ते तिच्याकडे बघत. ते काय सांगतायत हे तिला कळेना. पाणी घाल म्हणतायत, की नको घालू म्हणतायत? तिने ठरवलं, शेवटी बोलला तोच शब्द खरा धरायचा.

साल भुवयांपर्यंत आली. थंडी सरली. एका सकाळी आमरीच्या पानाच्या बगलेत हिरवं टोक दिसलं. इंदुलाला वाटलं मूळ असेल. दुसऱ्या दिवशी ते खाली वाकलं, आणि त्याच्यावर मोहरीएवढ्या कळ्या होत्या.

त्याच दिवशी राजाचा मुकुट थोडासा वर उचलला गेला. इंदुलाने मुकुटाखाली बघितलं. राजाच्या टाळूवर आंब्याच्या पालवीचा डोळा फुगला होता, तांबूस, टवटवीत.

आता दोन्ही वाढू लागलं. खाली कळ्यांचा तुरा लांबत राजाच्या छातीवर आला. वर मुकुट तिरका होत कानावर आला. सेनापती रोज येऊन दोन्हीकडे बघून जाई. लढाई कशी चालली आहे हे त्याला कळे, पण बाजू कोणाची घ्यायची हे कळत नसे.

आणि एका सकाळी आमरी फुलली. खांद्यापासून बेंबीपर्यंत फुलांची जाड वेणी, पांढऱ्यावर गुलाबी शिंतोडे, आणि दरबारभर गोडसर वास. राजाने एवढ्या लढाया जिंकल्या होत्या, पण त्याच्या छातीवर इतकं शोभून दिसेल असं काही कधी नव्हतं.

नगारे वाजले. दरबार भरला. मानकरी आले, प्रजा आली, माहूत हत्तीसकट आला. सगळ्यांनी बघितलं. हत्तीनेही बघितलं. पण साल जागची हलली नाही. उलट मुकुट ठणकन खाली पडला, आणि तांबूस पालवीचं टोक उलगडायला लागलं.

"कोणीतरी बघितलेलं नाही," इंदुला म्हणाली.

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. प्रधान पाठ करून बसला होता.

"प्रधानजी, वळा," सेनापती म्हणाला.

"मला बघायचं नाही. ज्या झाडापायी माझा मान गेला त्याचं तोंड मी बघणार नाही."

"महाराज आंबा होतील."

"झाले तर झाले. आंब्याला तरी पाणी घालता येईल."

सेनापतीने त्याला खांद्याला धरून फिरवलं, तर प्रधानाने डोळे मिटून घेतले. पालवीचं एक पान सुटं झालं. राजाचे डोळे आता सालीच्या दोन बारीक भेगांत दिसत होते.

इंदुला प्रधानाजवळ गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. बघू नका. सेनापतींचं म्हणणं असंच होतं, की पहिल्यांदा बघायचा मान त्यांचा, तुमचा नाही."

प्रधानाने खाडकन डोळे उघडले. "तसं कुठे लिहिलंय?" असं म्हणत तो वळला, आणि त्याने बघितलं.

कडकड आवाज झाला. राजाच्या कपाळापासून साल तडकली, गालांवरून सुटली, छातीवरून, मांड्यांवरून, आणि ढिगाने परातीत पडली. डोक्यावरची पालवी गळून इंदुलाच्या हातात आली. आतून राजा निघाला. तो बारीक झाला होता आणि त्याला शिंक आली.

सगळी साल गेली, एक डावा खांदा सोडून. तिथे आमरीने मुळांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

फुलांमधून जटाईने डोकं वर काढलं. "राजा, शाप फिटला. पण हीसुद्धा साल सोडली तर माझं बिऱ्हाड कुठे जाणार?"

राजाने खांद्याकडे बघितलं. "राहा," तो म्हणाला.

"जड वाटेल."

"सवय झाली आहे."

जटाई पुन्हा फुलांत शिरली आणि झोपली.

"आबासाहेब," इंदुलाने विचारलं, "आंब्याला स्वप्नं पडतात का?"

"एकच पडतं," राजा म्हणाला. "खांद्यावर कोणीतरी बसलंय, आणि आपण हलायचं नाही."

दारातल्या आंब्याच्या जागी राजाने नवी कोय स्वतःच्या हाताने लावली. झाड मोठं झालं की आमरी तिकडे हलवायची असं ठरलं. तोवर राजा सगळीकडे तिला घेऊनच जाई. लढाईला गेला तर शत्रूचं सैन्य आधी फूल बघे आणि मग तह करून घरी जाई. नव्या जावयांवर पाणी ओतणं बंद झालं. आता रीत अशी आहे, की दर थंडीत सगळे मानकरी रिकामे तांबे घेऊन आमरीसमोर रांगेत उभे राहतात आणि पाणी घालत नाहीत. पहिल्यांदा न घालायचा मान प्रधानाचा. सेनापतीचं त्यावर म्हणणं आहे, पण ते वेगळं.

राजा सुटला, आमरी फुलली, प्रधानाने बघितलं. आता या गोष्टीत आणखी पाणी घालायचं नाही. पुरे.